तपासणी चालू, कॉर्डला हात लावू नये

५ जून १९६१, सोमवार
साहेबांनी बोलावलं. कारखान्यात सकाळी अकराच्या सुमाराला फोन लागत नाहीत, सगळी खाती बोंबलतायत. एक्स्चेंजचा इनचार्ज मी. म्हणालो, आठ दिवसांत दोष पकडतो. बहुधा केबलमध्ये ओल. ऑपरेटर वसुमतीचं म्हणणं वेगळं. बोर्डावर कॉर्डच्या जोड्या दहा. दहा बोलणी चालू असली की अकराव्याला लावायला कॉर्डच उरत नाही, आणि अकराला सगळेच बोलतात. बिचारी. इतकं सोपं असतं तर मी डिप्लोमा कशाला केला असता? तसं बोललो नाही, नुसता हसलो. तीही हसली असावी. तोंड बोर्डाकडे होतं.

६ जून
निश्चय: दोष पकडणे. दुसरा निश्चय: वसुमतीबद्दल अक्काला सांगणे. वय चौतीस. आता पुरे झालं.

७ जून
दोष पकडायचा तर लाइन सतत चालू हवी. रिकाम्या खोल्यांतले फोन एकमेकांना जोडून ठेवले. त्यात तीन जोड्या गेल्या. वर चिठ्ठी: ‘तपासणी चालू, कॉर्डला हात लावू नये.’ शिवाय एक जोडी जनरल मॅनेजरसाहेबांसाठी राखीव. मोठ्या माणसाला थांबवून कसं चालेल? दिवसभर हेडफोन लावून खरखर ऐकली. प्रगती आहे.

९ जून, शुक्रवार
तक्रारी दुप्पट. म्हणजे दोष उघडा पडत चाललाय! आणखी दोन जोड्या तपासणीत घेतल्या. वसुमती म्हणाली, सर, आता चारच उरल्या. गाल लाल झाले होते. लाजते.

११ जून, रविवार
सत्यवती अक्का, माझी थोरली बहीण, चामराजपेटेत वसुमतीच्या वडिलांकडे जाऊन आली. नरसिंहराव भला माणूस. मुलीला तिथल्या तिथे विचारलं, तर ती मान खाली घालून ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणाली. सरी म्हणाली!
फक्त पत्रिका जुळायच्यात. धारवाडचंही एक स्थळ आलंय, त्यांना गुरुवारी संध्याकाळी काय ते कळवायचंय. म्हणून नरसिंहराव आपल्याला गुरुवारी सकाळीच सांगणार. अक्का म्हणाली, नारळ घेऊन मीच जाते, होकार आपण त्यांच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. मी म्हटलं, अक्का, स्वल्प सुधार आता. त्यांना माझ्या ऑफिसात फोन करायला सांग. जावई कसल्या जागी बसतो ते तरी कळेल.

१५ जून, गुरुवार
इस्त्रीचा कोट. दहापासून टेबलाशी. अकराला बोर्डावर ही गर्दी, चारही जोड्या गुंतलेल्या. बाहेरच्या लाइनचा दिवा लागला; कॉर्ड लावल्याशिवाय तो फोन घेता येत नाही. वसुमतीने वळून विचारलं, तपासणीतली एक कॉर्ड काढू का? मी नेमका खरखर ऐकत होतो, आज खरखरीत फरक जाणवत होता. मानेनेच नाही म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा तोच दिवा, पुन्हा तेच विचारणं. चिठ्ठीकडे बोट दाखवलं. शिस्त म्हणजे शिस्त. आवाज जरा कापरा वाटला तिचा. आजच्या दिवशी वाटणारच.
माझा फोन वाजला नाही. पत्रिकेला वेळ लागत असणार.

१६ जून
अक्का चामराजपेटेहून आली ती पायरीवरच बसली. पत्रिका छान जुळली होती. नरसिंहरावांनी औषधाच्या दुकानातून पुन्हा पुन्हा फोन केला. नुसती घंटा वाजत राहिली. एवढी माणसं तिथे बसलेली आणि कुणी उचलत नाही, म्हणजे मुलाचं मन फिरलं, तोंडावर नाही म्हणवत नसेल, असं ते समजले. संध्याकाळी धारवाडला शब्द दिला. आता फिरवता येत नाही म्हणतात.
मी सांगितलं, दोष केबलचा आहे. अक्का उठून आत गेली. जेवण गेलं नाही.

१७ जून, शनिवार
वसुमतीने राजीनामा दिला. मी म्हटलं, तो तुझ्या वडिलांचा फोन होता हे मला काय ठाऊक?
“मला ठाऊक होतं, सर. दुकानातला फोन अण्णांना अकरालाच मिळणार होता.”
मग बोलली का नाहीस, असं विचारलं. फार मोठ्याने विचारलं बहुतेक.
“कशी बोलणार होते? कॉर्ड काढू का, एवढंच मला विचारता येत होतं.”
डबा उचलून गेली. खिडकीतून गेटापर्यंत पाहत राहिलो.

१९ जून, सोमवार
तपासणी बंद केली. पाचही जोड्या मोकळ्या केल्या, राखीवसुद्धा. तक्रारी कमी झाल्या. साहेब खूश. म्हणाले, फार राबलात, चेहरा उतरलाय, चार दिवस रजा घ्या. घरात काही कार्य वगैरे आहे का?
नाही म्हटलं.