बाहेर जाणारी पावलं

आई, उद्या सकाळी मला इथल्या एका कलादालनात, लोकांसमोर जमिनीवर बसून तुझं चैत्रांगण काढायचं आहे, आणि ते काढून झालं की उभं राहून मी कुणाची कोण ते सांगायचं आहे. मला भीती वाटते आहे. परीक्षेच्या आधी वाटायची तशी नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाजही आता नीट आठवत नाही. तरी हे तुलाच सांगायला हवं, कारण भीती तुझ्याकडूनच आली आहे.

मी आता ख्राइस्टचर्चच्या विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकवते. ज्यांचे पूर्वज विकले-विकत घेतले गेले, अशा लोकांनी हातानं केलेल्या वस्तू हा माझा विषय. कारवारकडच्या जंगलातल्या, आफ्रिकेतून आणलेल्यांच्या वंशातल्या सिद्दी बायकांच्या गोधड्यांवर मी बरीच वर्षं काम केलं. जुनेरांचे तुकडे जोडत त्या शिवतात, आणि शेवटी कोपऱ्यात कापडाची घडी घालून फूल बसवतात. फुलाशिवाय गोधडी उघडी दिसते म्हणतात. त्यांच्या ओसरीवर बसून मी बिनदिक्कत विचारायचे, तुमच्या आजीची आजी कुठून आली, तिला कुणी आणलं? एकदा एका म्हातारीनं सुईत दोरा ओवता ओवता मलाच विचारलं, तुमच्या घरी कोण होतं गं? तेवढ्यात चहा आला आणि मी सुटले.

पण इथे सुटका नाही. या देशात चार माणसांपुढे बोलायचं तर आधी आपला डोंगर, आपली नदी, आपली माणसं सांगायची, ही इथल्या मूळच्या माओरी लोकांची रीत, आणि आता ती आम्हा बाहेरून आलेल्यांच्याही अंगवळणी पडली आहे. आजवर मी अजिंक्यतारा सांगत आले, कृष्णा सांगत आले, मग बाबांचं घराणं सांगून ऐटीत पुढच्या विषयाकडे वळत आले. उद्याचं प्रदर्शन मात्र गुलामीत जगलेल्यांच्या आठवणी आणि कला याच विषयावर आहे. ते मांडणारी माझी मैत्रीण माओरी आहे. तुझ्या चैत्रांगणाविषयी एकदा गप्पांत मी तिला सांगून बसले, पावलांसकट. ती म्हणाली, हेच काढ.

ती पावलं. साताऱ्याचं सरकारी क्वार्टर, मागचं दार, शहाबादी फरशीवर तू गेरूचा हात फिरवलेला. मी आठवी-नववीत असेन. आज आपल्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे, आतून आंब्याच्या डाळीच्या फोडणीचा वास येतो आहे. तू झोपाळ्यातली गौर, शंख, चक्र, कासव, तुळस, सगळं काढून झाल्यावर चौकटीच्या बाहेर, कोपऱ्यात, दोन बारकी पावलं काढतेस. दाराकडे पाठ करून निघालेली. सगळ्यांच्या घरी लक्ष्मीची पावलं आत येतात, आणि आमच्या आईला एवढंही कळू नये? तू फोडणीकडे धावलीस तशी मी ती पुसून आत वळवली. बाहेर येऊन तू ते पाहिलंस आणि माझ्या हातावर सणसणीत चापट मारलीस. त्याआधी कधी मारलं नव्हतंस.

“ती पावलं आत वळवायची नाहीत,” तू म्हणालीस. “तिला जाऊ दे.”

मग डाळ कालवता कालवता, माझ्याकडे न बघता, तू सांगितलंस. बाबांच्या घराण्यात पेशवाईत कधीतरी एक बाई विकत आणलेली होती. बटीक. धन्याच्या लग्नाच्या बायकोला मूल झालं नाही. जो मुलगा वाढला तो हिचा, आणि आपण सगळे त्या मुलाचे. हिला मात्र मरेपर्यंत उंबरा ओलांडू दिला नाही. तिच्यामागे घरातल्या बायकांनी ही पावलं काढायला सुरुवात केली, सासूनं सुनेला सांगायचं, पुरुषांच्या कानावर घालायचं नाही. तेव्हा मला उमगलं की ‘मी काय बटीक आहे का सगळ्यांची’ असं शेजारच्या काकू चारदा म्हणायच्या, ते आमच्या घरात म्हणायची बंदी का होती. आणि संध्याकाळी, बायका यायच्या आधी, तू ओलं फडकं घेऊन ती पावलं पुसलीस. दरवर्षी सकाळी तिला सोडायचं आणि संध्याकाळी लपवायचं. आई, तुला भीती कुणाची होती? शेजारणींची, बाबांची, की तिची?

गेल्या आठवड्यात मी दादाला फोन केला. वाटलं, निदान त्याला आधी कळावं. त्याची मुलगी लग्नाची झाली आहे, पुण्यात सारखे बघण्याचे कार्यक्रम चालू आहेत. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा टीव्हीचा आवाज कमी केला. हल्ली कुठलंही भाषण तासाभरात मोबाईलवर येतं, असं म्हणाला. खरं कशावरून, असंही विचारलं. मग म्हणाला, “तुला तिथं टाळ्या मिळतील. इथं माझ्या पोरीला स्थळं यायची बंद होतील.” मला राग आला आणि लगेच वाटलं, चुकीचं काय बोलला? फोन ठेवताना तो हळूच म्हणाला, आईनं मला कधीच का सांगितलं नाही.

पण खरी भीती वेगळीच आहे. तिला विकत घेणाऱ्याचं रक्त माझ्यात आहे आणि तिचंही आहे. उद्या लोक हातात ग्लास घेऊन चैत्रांगणाभोवती फिरतील, वाकून बघतील, हाऊ ब्यूटिफुल म्हणतील. ज्या बाईला एकदा न विचारता आणलं, तिला मी पुन्हा न विचारता एका परक्या घरात आणून मांडते आहे का? मैत्रिणीला मी हे विचारलं. ती म्हणाली, आमच्याकडेही अशी एक होती, लढाईत धरून आणलेली. “लाज वाटू नये म्हणून घरच्यांनी तिचं नाव घेणं सोडलं. आता ते घ्यायचं म्हटलं तरी कुणाला माहीत नाही.” तुला आपल्या बाईचं नाव माहीत होतं का गं? मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. भाषणात नावाच्या जागी मी नुसती थांबणार आहे.

आज दुपारी गॅरेजमधून गाडी बाहेर काढून, शटर ओढून आत सराव केला. रिकार्टनच्या इंडियन शॉपमध्ये पांढरी रांगोळी मिळाली, गेरू नाही मिळाला. मग सिमेंटमध्ये कालवायचा लाल रंग आणून फासला. तुझ्या लेकीला अजून कासव धड जमत नाही. माझी मुलगी, तुझी नात, घरात जायच्या पायऱ्यांवर बसून बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, “सो शी इज आवर आज्जी. व्हाय आर यू स्केअर्ड?” मी म्हटलं, तुला नाही कळायचं. मग मी पावलं काढायला गेले, तर हात आपोआप ती आत वळवू लागला. ती पुसली. दुसऱ्यांदा काढली ती बरोबर बाहेर निघाली, थेट गॅरेजच्या शटरपर्यंत. मुलगी म्हणाली, “ओपन इट, मम.” शटर वर केलं की समोर रस्ता, आणि पलीकडच्या घरात दादाच्या पुण्याच्या मित्राचं कुटुंब राहतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, हे बरंच आहे. उद्या मी बोलेन की अजिंक्यतारा आणि कृष्णा सांगून खाली बसेन, ते या घडीला मलाही सांगता येत नाही. एवढंच कबूल करते. मुलीला मी म्हटलं, शटर नको उघडायला, वाऱ्यानं रांगोळी उडेल. ते तिला पटलं, इथला वारा तसा आहेच. पण आई, आज वारा अजिबात नाही.