समोर समुद्र, मागे बर्नाडेट

४ जुलै, गुरुवार. नेपरव्हिल.

उद्या पहाटे निघणार. शेजारच्या सुशांतसारखे लोक दरवर्षी फ्लोरिडाला जाऊन गर्दीत अंग भाजून घेतात. मी मेन राज्याच्या पार टोकाला, अकेडियन लोकांच्या गावात, थेट समुद्रासमोरचं घर आठवडाभर घेतलंय. अकेडियन म्हणजे इंग्रजांनी कॅनडातून हाकललेल्या फ्रेंचांचे वंशज. सुशांतला हे सांगितलं तर त्याने विचारलं, तिथे चांगलं इंडियन फूड मिळतं का. यावरून माणसाची पातळी कळते.

संकल्प: ऑफिसचा फोन बंद. रोज सकाळी समुद्रात पोहणं. इशिताशी करिअरवर गंभीर चर्चा. (लेक ऑगस्टअखेर ॲन आर्बरला कॉलेजात जाणार आणि डोक्यात अजून आर्ट हिस्टरी.) नीलांबरीला विश्रांती. खरं तर वीस वर्षं घरीच आहे, विश्रांती कशापासून हा प्रश्नच आहे. पण देऊ.

६ जुलै, शनिवार. दुपारी १२.

दीड दिवस ड्राइव्ह करून पोचलो. समुद्र नाही.

घर आहे, पोर्च आहे, पोर्चवर तारा असलेला फ्रेंच झेंडा आहे. समोर क्षितिजापर्यंत चिखल, शेवाळ आणि वास. घरमालकीण बर्नाडेट, सत्तरीची, मागच्या छोट्या कॉटेजमध्ये राहते. तिला ताबडतोब मेसेज केला की जाहिरातीत ओशनफ्रंट लिहिलंय, ओशन कुठे आहे? उत्तर आलं, "साडेपाचपर्यंत येईल."

नीलांबरी इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. ओहोटी मलाही माहीत आहे. मुद्दा प्रोफेशनॅलिझमचा आहे.

सायं. ६. आला. बरा आहे.

७ जुलै, रविवार.

पोहायला गेलो. घोट्यापर्यंत. हे पाणी माणसांसाठी नाही. पोहणं उद्यापासून, वेटसूट मिळाला तर.

बर्नाडेट सकाळी प्लोय नावाचा पदार्थ घेऊन आली. जाळीदार, एकाच बाजूने भाजलेला. घावनच. आमच्याकडे कोकणात याचं कोणी कौतुक करत नाही. मी तसं तिला सांगितलं. ती नीलांबरीकडे बघून फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली आणि नीलांबरीने फ्रेंचमध्येच उत्तर दिलं. दोघी हसल्या.

लग्नाआधी पुण्यात हिने फ्रेंचच्या तीन परीक्षा दिल्या होत्या, हे मला माहीत होतं. दिवाळीच्या गेट-टुगेदरला मी त्यावर एक जोक करतो. तो लोकांना आवडतो. पण हिला ते अजून येतं, हे सांगायला हवं होतं. इशिताने विचारलं, "डॅड, यू रिअली डिडन्ट नो?" मी म्हटलं, तू आधी करिअरचं बोल. ती चालायला निघून गेली.

८ जुलै, सोमवार.

नीलांबरी सकाळपासून मागच्या कॉटेजमध्ये. म्हातारीचे गुडघे गेलेत, पाहुणे उतरवणं झेपत नाही, मुलगा टेक्सासला, असं सगळं चरित्र जेवताना ऐकावं लागलं. मी म्हटलं, सोपं आहे, एक स्प्रेडशीट करून देतो. नीलांबरी म्हणाली, "तिने मागितली नाहीये."

मी दुपारभर बसून केली. तीन टॅब. बर्नाडेटने कौतुकाने बघितली आणि लॅपटॉपवर चहाचा कप ठेवला.

इशिताशी चर्चा: प्रलंबित. ती लॉबस्टर पकडणाऱ्यांची स्केचेस काढत होती.

१० जुलै, बुधवार. सायं. ५.२०. बेटावर.

शांतपणे लिहितो आहे.

घरासमोर एक छोटं बेट आहे. ओहोटीत तिथपर्यंत खडीची वाट उघडी पडते. बर्नाडेटने नीलांबरीमार्फत निरोप दिला होता: चालत जा, गाडी नेऊ नका, साडेचारच्या आत परत या. हे फ्रेंचमधून मराठीत आलेलं, अर्थात मध्ये गळती होणार. शिवाय माझी गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे. तीनला गेलो, वाटेच्या बेटाकडच्या टोकाला गाडी लावली, टेकडीवर चढलो.

टेकडीवर फोनला सिग्नल होता. संकल्प मोडला नाही. फक्त बघितलं. आमच्या हर्नडन ऑफिसच्या टीमचा कॉल चालू होता. ही पोरं माझ्याशिवाय काय करणार, म्हणून जॉइन झालो आणि तास-दीड तास मार्गदर्शन केलं. शेवटी आसावरी नावाची नवीन मुलगी म्हणाली, की तो इश्यू सोमवारीच फिक्स झालाय.

खाली आलो तेव्हा गाडीचं फक्त छप्पर दिसत होतं.

५.५०. छप्पर दिसत नाही.

पलीकडे पोर्चवर तिघी बसल्यात. मी हात हलवले. त्यांनीही हलवले. इशिता बहुतेक माझं स्केच काढते आहे.

७.१०. बर्नाडेटचा पुतण्या बोट घेऊन आला. वाटेत एक शब्द बोलला नाही. शहरातल्या माणसाशी कसं बोलावं, हे या लोकांना कळत नाही.

११ जुलै, गुरुवार.

गाडी ओढून काढली. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि बंद केलं. अर्ध्या गावाने येऊन पाहिलं. यांना दुसरं काही करमणुकीचं साधन नसावं.

नीलांबरी मला काही बोलली नाही. काल बोटीतून उतरल्यावर टॉवेल आणि गरम सूप दिलं. बोलली असती तर उत्तर तयार होतं.

१२ जुलै, शुक्रवार.

नाश्त्याला नीलांबरीने सांगितलं, की ती इथे थांबते आहे. बर्नाडेटने उन्हाळ्यापुरतं घराचं काम तिच्यावर सोपवलंय. बुकिंग, पाहुणे, क्वेबेकहून येणाऱ्यांशी बोलणं. इशिताही थांबेल, दोघी इथूनच ॲन आर्बरला जातील.

मी म्हटलं, "आणि मग?"

"मग बघू."

मी म्हटलं, सुट्टीत असे निर्णय घेऊ नयेत, मूड असतो. ती म्हणाली, "मूड नाहीये, नरेंद्र. ग्रीन कार्ड आल्यावर मी नोकरीचं बोलले होते. तू म्हणालास, आता या वयात तुला कोण घेणार. मग मी बोलायचं बंद केलं."

मला असं काही आठवत नाही. म्हटलं असेल तर काळजीने म्हटलं असणार.

इशिताला बाजूला घेतलं, आईला समजाव म्हणून. ती म्हणाली, "डॅड, शी इज हॅपी. प्लीज डोन्ट मेक इट अ मीटिंग."

पोर्चवर जाऊन बसलो. भरती होती. पाणी अगदी पायरीपर्यंत आलं होतं आणि आत दोघी-तिघी कशावर तरी फ्रेंचमध्ये हसत होत्या. मला एक शब्द कळत नव्हता. माझ्यावर नसावं.

१३ जुलै, शनिवार. बस.

नीट विचार केला तर कल्पना माझीच आहे. तिला विश्रांती द्यायची, असं मीच ठरवलं होतं.

निघताना बर्नाडेटने प्लोयचा डबा दिला आणि हळू, स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, की तुमची बायको फार हुशार आहे. म्हटलं, माहीत आहे. नीलांबरीने माझ्याकडे बघितलं. मग पुढचे पाहुणे आले आणि ती त्यांना किल्ली द्यायला गेली.

१७ जुलै, बुधवार. नेपरव्हिल.

बाहेरचं खाऊन पोट बिघडलं. स्वयंपाक करायचं ठरवलं. वरण-भातात कठीण काय आहे?

नीलांबरीला तिथल्या लँडलाइनवर फोन केला. पलीकडून "बोंजूर" म्हणाली. एकदम वेगळा, मोकळा आवाज. मग, "अरे, तू होय."

बरंच बोलायचं होतं. मुद्दे काढून ठेवले होते. ती म्हणाली, लवकर बोल, पाहुणे यायचेत.

तूरडाळ कुठे ठेवली आहे ते विचारलं. तिने सांगितलं.

तिथे होती.