रिकाम्या टाकीत मूठभर आंबेमोहोर

मार्गासनी, मंगळवार

तीर्थस्वरूप सखूआत्यास हनुमंताचा वाकून नमस्कार. कंबर धरल्यामुळे सध्या अर्धाच वाकलो आहे, उरलेला नमस्कार समक्ष भेटीत घ्यावा. तुमचा गुडघा कसा आहे? शेळी व्याली का? कापूरहोळच्या हायवेचा आवाज अजून झोपू देत नाही का? पत्र बघून नवल वाटेल, पण मोबाईलवर तुम्ही मला बोलू देत नाही. मी ‘हॅलो’ म्हणेपर्यंत तुमचं ‘बरं, ठेवते’ येतं. म्हणून हा कागद. शिवानीने वाचून दाखवावा. (शिवानी, तू शहाणी नात आहेस. आजीला सगळं वाच, पण कंसातलं मनातल्या मनात वाच आणि चेहरा सरळ ठेव.)

तुम्हाला ठाऊकच आहे, मी बारा वर्षं दुधाच्या टाक्यांना वेल्डिंग केलं. टाकी म्हटली की तिच्यात काहीतरी भरायचं, एवढीच माझी अक्कल. मग इथल्या प्रयोगशाळेच्या शेफाली मॅडम आल्या आणि म्हणाल्या, एक टाकी हवी, आत बैलगाडी वळेल एवढी, आणि तिच्यात काही म्हणजे काही भरायचं नाही, असलेली हवासुद्धा उपसून काढायची. मी मनात म्हटलं, बाईंना ऊन लागलं. पण तसं नव्हतं. एक दुर्बीण आकाशात जायची आहे. तिचा आरसा जिथे राहणार तिथे हवा नाही, वर थंडी मरणाची. तिथे तो वाकतो का, आकसतो का, हे इथेच बघून घ्यायचं, कारण वर दुरुस्तीला जायला कापूरहोळहून एसटी नाही. थोडक्यात, वरच्या आभाळाचा एक तुकडा मार्गासनीत बनवायचा आणि त्याचे सांधे तुमच्या भाच्याने जोडायचे.

आत्या, तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. जेवणाच्या सुट्टीत टाकीला पाठ टेकून बसतो. पाठीमागे बोटभर जाड स्टील आणि त्याच्यापलीकडे काहीच नाही. काहीच नाही म्हणजे किती, याचा विचार करता करता भाकरी हातातच राहते आणि कालवण गार होतं. एकदा आरशाच्या खोलीत काचेतून डोकावलो, तर आरशात मी उलटा, डोकं खाली, आणि माझ्या मागच्या खिडकीतला राजगडही उलटा, बालेकिल्ला खाली लोंबकळतोय. खोलगट आरशात असंच दिसतं म्हणे. या आरशात पडायचा उजेड माझ्या खापरपणजोबांच्याही आधी ताऱ्यांवरून निघाला आहे आणि अजून वाटेतच आहे, असं मॅडम सांगतात. मला उगीचच त्या उजेडाची काळजी लागून राहते.

तर टाकीच्या पूजेला तुम्ही आलात. नारळ दाराबाहेर फुटला, हळदकुंकूही बाहेरच, कारण आत बोटाचा ठसाही चालत नाही. तुमचं वय बघून मॅडमनी टोपी, हातमोजे आणि पायांत पिशव्या चढवून तुम्हाला दोन पावलं आत नेलं. तुम्ही वर नजर फिरवली आणि म्हणालात, “अरं हनुमंता, येवढं मोठं भांडं आन् मोकळंच झाकायचं व्हय? आपल्यात शेजारणीची वाटीबी मोकळी देत न्हाईत.” सगळे हसले. मीही हसलो. मग दार लागलं. (गुडघा धरून तुझी आजी आरसा आत सरकवायच्या रुळापाशी टेकली, तेव्हा पदराची गाठ सुटलेली मी पाहिली. मूठ रुळाखाली गेली. मी पाहिलं आणि गप्प बसलो.)

पंप सुरू झाले. आतल्या हवेच्या दाबाचा आकडा उतरत उतरत आला आणि डबक्यातल्या म्हशीसारखा एका जागी बसला. एक दिवस, चार दिवस, अकरा दिवस. टाकी गळते असं सगळ्यांचं मत पडलं, आणि टाकी गळते म्हणजे हनुमंताचा सांधा गळतो. फुग्यात भरतात तो वायू माझ्या एकेका सांध्यावर फवारला. सांधा कच्चा असेल तर तो आत शिरतो आणि यंत्र ओरडतं. यंत्र ओरडलं नाही, पण माणसं कुजबुजायला लागली. बाहेरून आलेल्या एका साहेबांनी तर सांगून टाकलं, टाकी कापा आणि दुसऱ्या कारागिराकडून जोडून घ्या. आत्या, बारा वर्षांत माझ्या टाकीतून दुधाचा थेंब गळला नाही. त्या दिवशी मला घास गेला नाही. (कोरड्या दाण्यात कसली आलीय हवा, असं मी स्वतःला दहा दिवस समजावत होतो. अकराव्या दिवशी यंत्राने सांगितलं की आत पाण्याची वाफ आहे. मी आडून विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, अशा पोकळीत कोरडा दाणासुद्धा ओल सोडत राहतो.)

शेवटी दार उघडलं, आणि आत्या, त्या एवढ्या थोरल्या रिकाम्या टाकीतून आंबेमोहोराचा वास आला. कोणीतरी आत भात रटरटत ठेवल्यासारखा. सगळे जागच्या जागी उभे राहिले. रुळाखाली मूठभर तांदूळ निघाले. कोणा वेंधळ्याचं काम असणार! मी पुढे होऊन सांगितलं, माझ्या खिशातून सांडले. सांधे पक्के ठरले, नाव राहिलं, आणि मला सहा महिने टाकीत पाऊल टाकायची बंदी झाली. मी बनवलेल्या टाकीत! आतून पुसून पुन्हा पंप लावले, तर तिसऱ्या दिवशी आकडा तळाला. (शिवानी, वेंधळं कोणी नाही. गुंजवण्याचं आमचं जुनं घर धरणात गेलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. सामान टेम्पोत भरलं, आणि तुझी आजी ‘आलेच’ म्हणून परत आत गेली. मी मागोमाग गेलो. थंड चुलीपाशी तिने मूठभर तांदूळ ठेवले आणि मला म्हणाली, “पान्याला मोकळं घर देऊ न्हाई, बाळा.” तीच मूठ मला टाकीत दिसली. मी कसा अडवणार? माझं फार प्रेम आहे गं तिच्यावर.)

असो. आत कोणी काही ठेवू नये अशी सर्वांना सक्त ताकीद आहे, ती सहज तुमच्याही कानावर घातली. घरच्या सगळ्यांना आणि शेळीला विचारलं म्हणून सांगा.

तुमचा भाचा,
हनुमंत

ता. क. आरसा येत्या गुरुवारी आत जाणार. मॅडमनी तुम्हाला आवर्जून बोलावलं आहे. सकाळच्या एसटीने या.

आणखी एक. रिकाम्या हाताने येऊ नका. मॅडमनी टाकीच्या दाराबाहेर एक पितळी वाटी ठेवली आहे. पदराला आंबेमोहोर बांधून आणा. (खिसा झटकून दाखव, असं त्या मला तेव्हा म्हणाल्याच नाहीत. त्यांना सगळं कळलं होतं.)

शेवटचं. शिवानी, आता पहिल्यापासून सगळे कंस आजीला मोठ्याने वाच. नाही सांगितलं तर गुरुवारी ती परत आतच ठेवील. मग तिला फोन लावून दे. या वेळी तिने ‘बरं, ठेवते’ म्हटलं तरी मी ठेवणार नाही.