नमुना म्हणून मीच झोपलो

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

रंगाचं इंजेक्शन न देता एमआरआयवर किडनीचं काम बघायचं तंत्र आज आमच्या सेंटरवर बसवलं. सेटिंग तपासायला एक धडधाकट माणूस हवा होता. मीच झोपलो. रोज मी पेशंटला 'श्वास रोखा' म्हणतो, आज माझ्या जोडीच्या रफीकनं मला म्हटलं.

चित्रात किडनीपर्यंत रक्त जेमतेम पोचताना दिसलं. डॉक्टर म्हणाले, सेटिंग चुकलंय. पुन्हा श्वास रोखला, पुन्हा तेच. तीनदा. मीही मशीनला शिव्या घातल्या.

मग रफीक झोपला. त्याचं चित्र पहिल्याच झटक्यात लख्ख आलं.

मशीनवरून उतरता उतरता रफीक म्हणाला, "भाऊ, तुमी बाळापूरकडचे ना? ते खारं पाणी किती वर्सं पेलं?"

अठरा. त्याच पाण्यानं आमच्याकडे कितीतरी जणांच्या किडन्या गेल्या. आई तर अजून तेच पिऊन राहिली.

उद्या सकाळी किडनीच्या तपासणीसाठी रक्त द्यायचंय. त्यात वेगळं निघेल? कशाला स्वतःला फसवतोय मी...

आत्ताच आईचा फोन येऊन गेला. "काहून रे, आवाज काहून असा?"

क्षणभर श्वास रोखला. मग म्हटलं, "काई नाई वं माय, आज मशीन बिघडली होती."