कर्नलसाहेबांचा कंठ

आदरणीय पर्सिव्हल साहेब,

आपण निवर्तलात तेव्हा अस्मादिक तिसऱ्या इयत्तेत होते. आमच्या सोलापूरच्या घरी दोन दिवस सुतकासारखी शांतता होती. शोकपत्र धाडायचे तेव्हा राहून गेले. काल अप्पांना, म्हणजे माझ्या तीर्थरूपांना, फ्रँकफर्टहून विमानात बसवून डार्मश्टाटला परतलो आणि हे विलंबित कर्तव्य आता टाळू नये, असे वाटले.

आपले चरित्र मला मुखोद्गत आहे. अप्पांनी ते पाढ्यांबरोबर घोकून घेतले होते. इंग्लंडातल्या एका बंदरावरच्या मासळीविक्याचे आपण पुत्र. बोली इतकी रांगडी, की पहिल्या नाटक कंपनीने आपल्याला मुक्या हुजऱ्याची भूमिका दिली! मग समुद्राकडे तोंड करून रोज पहाटे घडवलेला तो धीरगंभीर स्वर. पुढे कृष्णधवल चित्रपटांत कप्तान, कर्नल, नायकाचा मित्र. नायिका एकदाही वाट्याला आली नाही. वीरगती मात्र नेमाने. इतक्या शिस्तीने मरण्याचा आपल्याला कधी कंटाळा नाही आला?

अप्पा शाळेत इंग्रजी शिकवत. उच्चारांत त्यांचे एकमेव गुरू आपण. रविवारी सकाळच्या खेळाला ते वही घेऊन बसत. वर्गात ‘सिट डाउन’ म्हणत ते आरमाराला आज्ञा दिल्यासारखे. मुले त्यांना ‘कर्नल’ म्हणत. मागच्या बाकावरून त्यांची हुबेहूब नक्कल करणारा विदूषक, साहेब, त्यांचाच चिरंजीव होता. एकदा त्यांनी ते दाराआडून ऐकले. त्यावर क्षमा मागण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.

यंदा ते तीन महिने आमच्याकडे राहिले. माझ्या अकरा वर्षांच्या कन्येला, इराला, मराठी समजते. उत्तर ती जर्मनमध्ये देते. अप्पांना जर्मन येत नाही. आजोबा आणि नात एकाच सोफ्यावर बसून दोन राष्ट्रांच्या शिष्टमंडळांसारखे स्मित करीत. निघण्याचा दिवस जवळ आला, तरी वाटाघाटी स्मिताच्या पुढे सरकेनात.

गेल्या रविवारी दुपारी दूरचित्रवाणीवर आपला चित्रपट लागला. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून बसले. आपण धुक्यातून आलात, टोपी काढलीत, मुख उघडलेत आणि बाहेर आले अस्खलित जर्मन! इथे परदेशी नटांना देशी आवाज चढवतात, हे अप्पांना सांगायला मी विसरलो होतो.

“अरे, ह्याच्या तोंडात दुसराच माणूस बोलतोय!” अप्पा उठून उभेच राहिले.

“पण आजोबा, ते असेच बोलतात,” इरा चकित होऊन जर्मनमध्ये म्हणाली. “हाच त्यांचा आवाज आहे.”

मी भाषांतर केले. केले नसते तर बरे, असेही वाटले.

“हा? थांब. तुला खरा ऐकवतो.”

त्यांनी ध्वनी बंद केला आणि आपले सगळे संवाद स्वतः इंग्रजीत म्हणायला लागले. ओठांना ओठ जुळवून. पेला उचलण्यापूर्वीचा आपला उसासासुद्धा! मी मान खाली घातली, जुनी सवय. इरा मात्र हसली नाही. शेवटी आपण गोळी लागून कोसळलात आणि अप्पा हलकेच म्हणाले, “यू गो ऑन. आय शॅल फॉलो.”

“नॉख माल, आजोबा!”

‘पुन्हा एकदा’ हे अप्पांना भाषांतराविना कळले. ते पुन्हा मेले. त्यानंतर रोज संध्याकाळी आपण आमच्या दिवाणखान्यात, कधी आजोबांच्या तर कधी नातीच्या रूपाने, धारातीर्थी पडत होतात.

अप्पांनी आपल्यापायी स्वतःचा आवाज घालवला, अशी माझी आपल्याविरुद्ध तक्रार होती. पण आपण तरी घरी, मासे साफ करणाऱ्या आईशी, कोणत्या आवाजात बोलत होतात? आणि तिने कधी नक्कल केली का हो आपली?

काल विमानतळावर, तपासणीच्या रांगेतून अप्पा वळले. तेवढ्यात इरा दोरीअलीकडून गरजली, “यू गो ऑन, आजोबा! आय शॅल फॉलो!”

आरमारच जणू! लोक वळून बघू लागले. अप्पांनी डोक्यावर नसलेली टोपी काढली.

तेव्हा, साहेब, हे माझे अभिवचन. येत्या सुट्टीत इराला सोलापूरला नेईन. आपला चित्रपट लावू, ध्वनी बंद ठेवू. संवाद ते दोघे म्हणतील. तत्पूर्वी मी अप्पांपुढे उभा राहून, माझ्या स्वतःच्या आवाजात, क्षमा मागेन. मग त्यांनी ‘सिट डाउन’ म्हटले, की निमूट बसेन.

आपला ऋणानुबंधी,
कर्नलांचा चिरंजीव
(बाक शेवटचा)