मीठ आलं, मुली आल्या नाहीत

सर, या वर्षी उरणकडून मीठ आलं, पण मुली आल्या नाहीत. एसटीच्या कंडक्टरने पोतं स्टँडवर उतरवून मला फोन केला. रिक्षावाल्याने ते कॉलेजच्या फाटकाशी आणून ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, कॅन्टीनचं का?" मी हो म्हटलं. त्याला बाकीचं सांगत बसावंसं वाटलं नाही.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता कॉलेजात तुम्हाला पाहिलेली मी एकटीच उरले आहे. जिमखान्यात तुमच्या खुर्चीवर मी बसते. मुलींना कबड्डी मी शिकवते. मुली मला घाबरतात, पण आम्ही तुम्हाला घाबरायचो तेवढ्या नाही.

मी तुमच्या संघात असतानाची जानेवारीतली एक सकाळ मला नेहमी आठवते. उरणकडच्या मुली टेम्पोतून उतरतात, दोघी मिळून पोतं ओढतात. सामना आपल्याकडे असला की त्यांनी त्यांच्या मिठागरातलं मीठ आणायचं, त्यांच्याकडे असला की आपण डोंगरापायथ्याची लाल माती न्यायची, ही रीत तुम्हीच लावलेली. मिठाने मैदानात ओल टिकते, धूळ उडत नाही, एवढंच कारण तुम्ही सांगायचात. पण पाणी मारून झालं की दोन्ही संघांनी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून ती माती अनवाणी तुडवायची, हे कबड्डीच्या कुठल्याच नियमात नव्हतं. त्यांची कप्तान माझ्या शेजारी आहे. ती माझ्या पायांकडे बघून ओरडते, "अगो, बघा गो पनवेलवालीचे पाय! लादीवरचे हायत, चिखलात कधी गेलेच नाय!" सगळ्या हसतात, आपल्या मुलीसुद्धा. माझ्या टाचेला चीर पडलेली असते, मीठ झोंबतं, मी रांगेतून बाहेर पडते. तुम्ही एरवी शुद्ध बोलायचात, पण रागावलात की तोंडात गावची भाषा यायची. "कुठं चाललीस? मीठ हाय ते, इंचू नाय. जिची पकड करायचीय तिच्याबरोबर आधी चालायला शिक." मी परत रांगेत गेले. त्या दिवशी आपण हरलो. तुम्ही सगळ्यांना भजी खायला घातलीत, त्यांच्या मुलींना आधी.

शेवटच्या वर्षी तुम्ही मला त्या मिठाचं रिकामं गोणपाट धुऊन, घडी करून दिलंत. "दाराशी टाक, पाय पूस." इतर कॉलेजांतल्या मुलींना निरोप समारंभात घड्याळं मिळायची. आई आठवडाभर हसत होती, पण तिने ते दाराशीच टाकलं. ते विरून गेलं त्यालाही आता बराच काळ झाला.

आता काय झालं ते सांगते. गेल्या पावसाळ्यात प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मोबाइलवर सामने थेट दाखवणारी एक कंपनी आहे, तिने शहरांतली मोठी कॉलेजं निवडून एक नवी लीग काढली आहे. दाखवण्याचे हक्क कंपनीचे, त्याचे पैसे कॉलेजांना. पनवेल आता विमानतळाजवळचं म्हणून आपल्याला घेतलं. उरणकडच्या कॉलेजला घेतलं नाही, कारण तिथे बघणारे कमी. अट एवढीच, की आजूबाजूच्या कॉलेजांचा आपला जुना विभाग सोडायचा आणि हंगाम संपेपर्यंत दुसरीकडे कुठेही खेळायचं नाही. मी कंपनीच्या माणसाला विचारलं, जानेवारीत फक्त एक सामना खेळलो तर? वयाने तो माझ्या विद्यार्थ्यांएवढा. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅम, तो सामना कुणीतरी मोबाइलवर लाइव्ह करणार, मग आमचा एक्सक्लुझिव्ह काय राहिला?" प्राचार्य वाईट माणूस नाही, सर. ते म्हणाले, "मॅडम, जिमखान्याचं छप्पर दर पावसाळ्यात गळतं. मुली स्वतःच्या पैशाने प्रवास करतात. मी नाही कुठल्या तोंडाने म्हणू?"

तरी मी सही करायला दोन दिवस मागितले. आपली आत्ताची सगळ्यात चांगली चढाई करणारी मुलगी उलव्याची आहे. घरची जमीन विमानतळात गेली, वडील आता तिथल्याच एका इमारतीवर रखवालदार आहेत. मी तिला म्हटलं, लीगमध्ये गेलो तर उरणचा सामना जाईल. ती बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "मॅडम, मी राज्याच्या निवड चाचणीला दोनदा जाऊन आले. तिथे कुणी मला बघितलंच नाही. मला दिसायचंय." दुसऱ्या दिवशी मी सही केली.

मग उरणला फोन केला. तुमच्या लक्षात असेल, माझ्या पायांना हसलेली ती कप्तान. आता ती तिकडच्या मुलींना शिकवते. मी बोलायला सुरुवात करण्याआधीच ती म्हणाली, "समजलं गो. टीव्हीवाली झालीस तू." मी म्हटलं, टीव्ही नाही, मोबाइल. "एकच ते. आमी पण बघू की." मग तिनेच सांगितलं की आपण निघाल्यावर आणखी दोन कॉलेजं नव्या लीगच्या मागे गेली, विभागात सामने लावायला संघच उरले नाहीत, तिच्या मुली नुसता सराव करतात. "सराव कशाचा ते विचारू नको." मी म्हटलं, मिठाची तयारी करू नकोस या वर्षी. ती हसली. म्हणाली, "तयारी कसली? मिठागर कवाच गेलं गो, भराव टाकला त्याच्यावर. आमी किती वर्षं बाजारातून विकत आणतोय. मिठागराच्या जुन्या पोत्यात भरून द्यायचो. तुला कधी समजलं पण नाय."

मला खरंच समजलं नव्हतं. मुली तुडवत होत्या, मी कडेला उभी राहून बघत होते, आणि ते मीठ दुकानातलं होतं.

लीगचा पहिला सामना एका मोठ्या हॉलमध्ये झाला. निळी मॅट, मुलींच्या पायांत बूट, छतावर दिवेच दिवे. पाहुणा संघ थेट बसमधून कपडे बदलायच्या खोलीत गेला आणि तिथून मॅटवर आला. आमची त्यांच्याशी ओळख झालीच नाही. आपण जिंकलो. उलव्याची मुलगी फार छान खेळली आणि सगळ्यांना दिसली. लोक उठून उभे राहिले, प्राचार्यांनी माझा हात हातात घेतला. मला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. कॅमेरावाला म्हणाला, मॅडम, थोडं हसा. मी हसले. घरी जाताना उरणहून मेसेज आला, "तुझ्या पोरीचे पाय चांगले हायत. लादीवरचे नाय वाटत."

आणि जानेवारीत ते पोतं आलं. तिला मी विचारलं नाही का पाठवलंस म्हणून. टाकायला जागा नाही, सर. लीगच्या पैशातून आपल्या मैदानावर बंदिस्त हॉल होतोय. सामना व्हायचा तिथे खड्डे खणून झालेत, सळया उभ्या आहेत, लाल माती एका कोपऱ्यात ढीग करून ठेवली आहे. कंत्राटदार ती भरावाला नेणार आहे. पोतं जिमखान्यात तुमच्या कपाटाशेजारी आहे. शिपाई रोज विचारतो, मॅडम, याचं काय करायचं, आणि मी रोज म्हणते, राहू दे.

तुम्ही असतात तर ओरडला असतात की शाबासकी दिली असतीत, याचा मी पुष्कळ विचार केला. मला तुमचा चेहरा दिसतो, पण तोंडातून शब्द काढता येत नाहीत. हे लिहिलेलं आता घडी करून ठेवीन. कुठे टाकायचं ते माहीत नाही आणि कुणाला वाचायला द्यावंसंही वाटत नाही.

एक मात्र सांगायचं राहिलं. परवा मी पोत्याची शिवण थोडी उसवली आणि मूठभर मीठ डब्यात घालून घरी आणलं. रात्री आमटीत तेच घातलं. मला वाटलं होतं, काहीतरी कळेल. घरी कुणाला फरक जाणवला नाही. मलाही नाही, सर.