अष्टमीची ओहोटी

नाशिक,
कार्तिक वद्य दशमी

चि. योगेशला गोरक्षचे आशीर्वाद.

परवा सकाळी भैरवनाथाला फुलं वाहताना माझा हात थांबला. वद्य अष्टमीचा माझा उपास तुला ठाऊक आहे. मागच्या अष्टमीलाही असाच उपाशीपोटी ऑफिसला गेलो होतो, आणि तुमच्या खाडीचं उपग्रहचित्र नेमकं त्याच दिवसाचं आहे, हे फुलं वाहताना ध्यानात आलं.

आई बरी आहे. दिवाळीला तू का आला नाहीस, हे रोज विचारते. काम असेल, म्हणतो.

कांदळवन कुठं वाढलं, कुठं घटलं, हे आम्ही इथं अंबडच्या ऑफिसात बसून वनखात्यासाठी पाहतो. समुद्राशी माझा संबंध तेवढाच. तुमच्या कोळंबीच्या तळ्यांना लागून गेल्या वर्षी हिरवीगार असलेली तिवराची झाडं या चित्रात काळ्या पाण्याखाली दिसली, म्हणून मागच्या आठवड्यात तुला फोन केला. तू हसलास. “भरतीनं पानी शे ते, भाऊ. तू आपला उपास कर, समुद्र मी पाहतो.”

मी मान्य केलं. कुठल्या बाजूची तिवरं बुडालीत, हे मात्र तू विचारलं नाहीस.

तिथीवरून पाणी ओळखायला तूच शिकवलंस, तुला तिथं नवीन नोकरी लागली तेव्हा मला धक्क्यावर उभं करून. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी भरती, अष्टमीला दुपारी ओहोटी. उपग्रह तिथून अकराच्या सुमारास जातो. म्हणजे त्या दिवशी पाणी उतरलेलं असायला हवं होतं. काल कार्तिकी पौर्णिमेचं चित्रही काढून पाहिलं. पाणी तेवढंच, आणि कडा तशीच सरळ. समुद्र अशी सरळ रेघ मारत नाही. कुणीतरी बांध घालून पाणी कोंडलंय. तिवरं मुळाशी गुदमरून मेली, की तळं वाढवायला जागा मोकळी.

बांध तू घातलास, असं मी म्हणत नाही. पण तिथला सुपरवायझर तूच आहेस.

अहवालाआधी तुला हे कळवावं, असं फार वाटलं. कळवलं असतं तर तू बांध फोडून झाडं वाचवली असतीस, की नुसता मागमूस पुसला असतास? सख्ख्या भावाबद्दल मला याचं उत्तर देता आलं नाही. देवापुढे बसूनही आलं नाही.

आईला काही बोललो नाही. ते तू येऊन सांग.

वनखात्याचा अहवाल आज दुपारी पाठवला, पत्र लिहायला त्यानंतर बसलो. तो तुकडा त्यात लाल रंगवलाय, आणि खाली माझ्या सहीत आपलं आडनाव आहे.

तुझा भाऊच,
गोरक्ष